आईने उठायचं नाही

सोमवार, १६ मार्च

प्रिय छोटे,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक, तिकडे तुम्ही सगळे मजेत असाल असं धरून चालते. तुझे फोन येऊन गेले, मी उचलले नाहीत. फोनवर तू मध्येच बोलतेस आणि माझं वाक्य राहून जातं, म्हणून लिहायला बसले.

मी आणायला गेले तरी आई बंधुराजांकडून आली नाही. तब्येत उत्तम आहे तिची, काळजी नको. बसला तुफान गर्दी होती, जागा मिळेना, म्हणून म्हटलं पुढच्या महिन्यात बघू.

गर्दी कसली ते ऐक. क्रिकेटची सेमीफायनल आणि अंतिम सामना नेमके याच शनिवार-रविवारी त्यांच्या शहरात आहेत, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी गेलेच नसते. पेपरातलं ते पान मी उघडत नाही, हे तुला माहीत आहे. शनिवारी बसमधून उतरले तर सगळं शहर एकाच रंगाचे सदरे घालून रस्त्यावर आलेलं. पन्नाशीचे बाप्ये गालांना रंग फासून हिंडत होते, आणि सोमवारी हेच लोक कचेरीत बसून आपल्याला "उद्या या" म्हणणार. माझ्या हातात छत्री आणि दोन पिशव्या, तरी रिक्षावाल्याने विचारलं, "मावशी, मैदानाकडे का?" मी म्हटलं, "हो, पहिली बॅटिंग माझीच आहे." "मग आज काळजी नाही," म्हणाला आणि मनापासून हसला. असल्या माणसांना टोमणासुद्धा लागत नाही. पुढे रस्ता बंद होता, म्हणून त्याने मला अर्ध्यात उतरवलं आणि उरलेली वाट मी ढोल-पिपाण्यांमधून पायी तुडवली.

आपल्या बंधुराजांचं घर म्हणजे धर्मशाळा झालं आहे. दार उघडंच. कोण येतो, कोण जातो, कुणाला पत्ता नसतो. शेजारपाजारचे सगळे यांच्याकडेच सामना बघतात, कारण यांनी भिंतभर टीव्ही घेतलाय. पुस्तक म्हणशील तर घरात औषधाला नाही. वरच्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर, चांगला शिकलेला माणूस, पायजम्यावर फरशीवर मांडी ठोकून बसलेला आणि पंचाला शिव्या देत होता. आपली भावजय भज्यांचं ताट घेऊन त्याला साथ देत होती.

आणि या सगळ्यांच्या मधोमध खुर्चीत आई. साडीवरून तोच सदरा, पाठीवर सात आकडा. मी दारात उभी, तर मला म्हणाली, "आलीस? थांब जरा, ओव्हर संपू दे." माझ्या घरी दुपारी कपाट उघडायचं झालं तरी आवाज होऊ द्यायची नाही ती. मी जन्मभर ग्रंथालयात काम केलं, मला गोंगाट सोसत नाही, हे तिच्याइतकं कुणी सांभाळलं नाही. भाची माझ्या घराला 'वाचनालय' म्हणते. आई त्यावर हसली, तेही मी पाहिलं.

आता या घरातला कायदा ऐक. रविवारी दुपारी अंतिम सामना सुरू झाला आणि मी पाहते तो आईला पाणी जागेवर, चहा जागेवर, पायाखाली उशी. मला वाटलं, सेवा चालली आहे. भाचीने खुलासा केला. "आत्या, आजी उठली की आपली विकेट पडते. काल सेमीफायनलला दोनदा पडली. म्हणून बॅटिंग आपली असली की आजीने उठायचं नाही." घोडी कॉलेजात जाते, शास्त्र शिकते. मी बंधुराजांकडे पाहिलं, तर तेही मान डोलवत होते.

तू म्हणाली होतीस, "ताई, तू स्वतः गेलीस की ती येईल, तुझं ऐकते ती." आई दोन आठवड्यांसाठी म्हणून तिकडे गेली होती, छोटे, थंडीत. तिची खोली मी झाडून-पुसून ठेवली होती, नवी चादर घातली होती. तिची पिशवीही सकाळीच भरून दारात ठेवली होती. पाचची बस होती. चार वाजता मी म्हटलं, "आई, चल."

"ताई, दहाच ओव्हर राहिल्यात," बंधुराज म्हणाले. हात जोडून.

"तुमच्या दहा ओव्हरसाठी बस थांबणार आहे का?" मी म्हटलं आणि आईला दंडाला धरून उठवलं. ती उठली. हे तुला सांगायलाच हवं, ती उठली होती. आणि पडद्यावरचा तो उंच गडी त्याच चेंडूवर बाद झाला.

डॉक्टरने कपाळाला हात लावला. भाचीच्या डोळ्यांत पाणी. आई "अगं बाई" म्हणाली आणि माझा हात सोडवून चटकन खाली बसली. गुडघे दुखतात म्हणून माझ्याकडे तिला उठायला-बसायला आधार लागायचा.

मला संताप आला. मी म्हटलं, "आई, खुळे आहेत हे सगळे. तो त्याच्या कर्माने बाद झाला."

"ते कळतं की मला. मी काही खुळी नाही."

"मग उठत का नाहीस?"

"अगं, इथे मी उठले तर दहा माणसं ओरडतात," ती म्हणाली. नजर टीव्हीवर. "तुझ्याकडे मी उठले काय नि बसले काय..." गोलंदाज धावत निघाला होता.

बसला जागा होती, छोटे. सगळे टीव्हीसमोर, बस निम्मी रिकामी. शेजारच्या बाईंना मी गर्दीचंच सांगितलं आहे, तूही तेच सांग. शेजारच्या सीटवर मी आईची पिशवी ठेवली होती. रागाच्या भरात तीही उचलून आणली. त्यात तिच्या चार साड्या आणि स्वेटर आहे, ते पाठवायला हवं.

शहराबाहेर पडताना एकदम फटाके सुरू झाले. ड्रायव्हरने हॉर्नवर हात दाबूनच धरला, कंडक्टर कुणा अनोळखी माणसाच्या गळ्यात पडला. जिंकले म्हणे. एका खेळापायी माणसं इतकी वेडी होतात, शरम वाटते. म्हणजे आई शेवटपर्यंत उठली नाही.

आईची खुर्ची अजून खिडकीशीच आहे. सकाळपासून मी दोनदा त्या खुर्चीत बसले आणि उठले. कुणी ओरडलं नाही.

लिहायचं ते लिहिलं. उरलेलं फोनवर विचारू नकोस.

तुझी,
ताई