जसं दिलं तसं

३ मार्च, सोमवार

आले एकदाची स्वतःच्या खोलीत. सामान म्हणजे दोन पिशव्या, एक गादी, माझी इस्त्री आणि ह्यांचा फोटो. हमाल लागला नाही, मीच हमाल. जिने चढून दम लागला, पण वर येऊन दार लावलं आणि ऐसपैस पाय पसरून बसले. हे गेल्यापासून भावाच्या घरी होते. तिथे पाय पसरले की वहिनीला अडचण व्हायची. श्वास घेतला तरी व्हायची.

खोली बघून माझा विश्वासच बसेना. भिंती अशा गुळगुळीत की हात फिरवत बसावं. एक भोक नाही, एक ओरखडा नाही. खिडकीला लाकडाची रुंद फळी आहे, तिथे बसून चहा प्यावा. मोरीजवळची एक फरशी पायाला कोमट लागते, खालून गरम पाण्याचा पाइप गेला असेल. आणि भाडं इतकं कमी की मी तोंडावरच विचारलं, मालक, काही भानगड तर नाही ना? मालक म्हातारे आहेत, हात लोण्यासारखे मऊ. हसले. म्हणाले, बाई, माझी अट एकच. दर शनिवारी सकाळी मी खोली बघायला येणार. जसं दिलं तसं दिसलं पाहिजे. काही मोडलं तर शनिवारच्या आत आपल्या पैशाने नीट करून घ्यायचं. मी म्हटलं, आणि पैसे नसले तर? तर म्हणाले, पैशासाठी मी आजवर कुणाला बाहेर काढलं नाही, घर आपली भरपाई आपण करून घेतं. डिपॉझिटातून कापत असणार, दुसरं काय. त्या डिपॉझिटात माझी साखळी गेली. शेवटचं सोनं होतं ते.

ही वही ठकीने दिली. ठकी माझी मुलगी, नर्सिंग शिकते. अजून मामाकडेच आहे, मामीची भांडी घासते आणि उरलेल्या वेळात अभ्यास करते. मला म्हणाली, आई, चौथीपर्यंत शिकलीस तेही विसरत चाललीस, रोज लिही, मी आले की लाल पेनाने तपासीन. मोठी आली मास्तरीण. परीक्षा संपली की तिला इथे आणायची. हा सगळा आटापिटा त्यासाठीच. ह्यांचा फोटो तोवर भिंतीला टेकवून ठेवलाय. वहिनीने तिच्या भिंतीत कधी खिळा मारू दिला नाही. ठकी म्हणते, आपल्या घरातला पहिला खिळा बाबांचा.

६ मार्च, गुरुवार

लाँड्री इथून जवळ पडते. दिवसभर उभं राहून इस्त्री. चादरी, पडदे, साहेब लोकांचे शर्ट. नव्या पोरी इस्त्रीचं बटण बघून कपडा पुढे ओढतात. मी बटणाकडे बघत पण नाही. बोट पाण्यात बुडवायचं आणि इस्त्रीला टेकवायचं. चर्र वाजतं, चटका बसतो, त्या चटक्यावरून मला कळतं की आता रेशीम घ्यायचं की सुती. मुकादम म्हणतो, बाई, तुमचं बोट म्हणजे थर्मामीटर. पगार मात्र बोटाएवढाच देतो मेला.

समोरच्या खोलीत एक बाई राहते. ओळख करून घ्यायला गेले तर दार फटीएवढंच उघडलं. नाव नाही, गाव नाही, पहिला प्रश्न काय, तर तुझं काही मोडलं का अजून? मी म्हटलं, आल्या आल्या काय मोडू, मला काय हौस आहे? तर म्हणे मोडलं की लगेच नीट करून घे, उसने आण, भीक माग, पण शनिवार येऊ देऊ नकोस. आणि दार लावून घेतलं. आगाऊ दिसते.

८ मार्च, शनिवार

मालक आले. चपला बाहेर काढून अनवाणी आत. मला वाटलं, आता कपाट उघडतील, मोरीत नाक खुपसतील. तसलं काही नाही. भिंतीवर तळहात टेकवून उभे राहिले, डॉक्टर पेशंटच्या पोटावर हात ठेवतो तसे. डोळे मिटलेले. मग दुसरी भिंत. शेवटी त्या कोमट फरशीवर जरा वेळ थांबले. छान आहे म्हणाले आणि गेले. चहा नको म्हणाले. विचित्र माणूस. पण आपल्याला काय, भाडं कमी आहे.

१२ मार्च, बुधवार

गरजवंताला अक्कल नसते म्हणतात ते खोटं नाही. ठकीची परीक्षेची फी भरायची, पगार लांब. म्हणून मुकादमाच्या पाया पडून शर्टांचा एक गठ्ठा घरी इस्त्रीला आणला. टेबल नाही, तर खिडकीच्या फळीवर घोंगडी घालून काम केलं. काम झालं, पैसे आले, फी गेली. घोंगडी उचलली तर फळीवर इस्त्रीच्या आकाराचा काळा डाग. खोलवर जळलंय. पॉलिश पेपर आणून घासलं तर आणखी उठून दिसायला लागलं. सुताराला बोलावलं, त्याने फळी बदलायचा भाव सांगितला. मी म्हटलं, अरे, एक फळी बदलायचीय, मला घर नाही बांधायचं. गेला.

डागावर टॉवेल टाकून ठेवलाय.

१५ मार्च, शनिवार

मालकांनी टॉवेल उचललासुद्धा नाही. सरळ त्याच्यावर हात ठेवला आणि जरा वेळ तसेच उभे राहिले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी म्हटलं, मालक, पगार झाला की सुतार आणते. तर म्हणाले, कशाला, होईल नीट. डिपॉझिटातून कापणार का विचारलं. छे म्हणाले. देवमाणूस. मी उगाच नावं ठेवत होते.

१७ मार्च, सोमवार

फळी नीट झाली. कोण येऊन करून गेलं कळलं नाही. मी कामावर असताना आले असतील, मालकांकडे किल्ली असणार. जोड दिसत नाही, रंग तोच. फक्त हात फिरवला की त्या जागी बारीक बारीक रेघा लागतात, गोल गोल फिरलेल्या. थोडी कोमट पण लागते. ऊन पडत असेल.

माझं चटका घ्यायचं बोट मात्र बधिर झालंय. टोक एकदम गुळगुळीत. इतकी वर्षं भाजून घेतलंय, एक दिवस हे व्हायचंच होतं.

२० मार्च, गुरुवार

आज माझ्या हातून कपडा जळला. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा. बोट टेकवलं, चटका लागला नाही, म्हटलं इस्त्री थंड आहे, अजून तापवली आणि रेशमी शर्टावर ठेवली. भोक. मुकादम सगळ्या पोरींसमोर बोलला. थर्मामीटर फुटला म्हणाला. पोरी हसल्या. शर्टाचे पैसे पगारातून जाणार, म्हणजे पगार गेलाच म्हणायचा.

घरी आले ती रागातच. दार आपटलं ते इतक्या जोरात की बिजागरी उखडली आणि दार लोंबायला लागलं. घ्या. आगीतून फुफाट्यात. खालचा मिस्त्री रोख मागतो. उद्या भावाला फोन करीन.

२१ मार्च, शुक्रवार

फोन वहिनीने उचलला. म्हणाली, स्वतःचं घर हवं होतं ना, आता भोगा. परत या दारात पाय ठेवायचा नाही म्हणाली. मीही चार शब्द सुनावले. पैसे काही मिळाले नाहीत.

२२ मार्च, शनिवार

आज मालकांनी दाराला कान लावला. बराच वेळ. मग माझ्याकडे बघून म्हणाले, बाई, तुमचा आवाज खणखणीत आहे.

मी आभार मानले.

२३ मार्च, रविवार

दार नीट झालंय. मी खोलीतच होते. कुणी आलं नाही. कुणीच नाही.

आणि माझा आवाज गेलाय. घसा दुखत नाही, ताप नाही, तोंड उघडते आणि नुसती हवा येते. दार ढकललं की बिजागरी वाजते. ती मी खोकते तशी वाजते. मी पुन्हा पुन्हा ढकलून बघितलं. माझाच खोकला.

फळीवरच्या रेघा आज उजेडात नीट बघितल्या. अंगठा उठवतात ना कागदावर, तशा.

२५ मार्च, मंगळवार

समोरच्या बाईचं दार वाजवलं. मला बोलता येत नाही हे बघून तिने पहिल्यांदा दार पूर्ण उघडलं. तिला डावा हात नाही. खांद्यापासूनच नाही. म्हणाली, जिन्याचा कठडा कधी नीट चाचपलास का? माझं कपाट वर चढवताना तुटला होता. सुताराला द्यायला पैसे नव्हते.

मी रद्दीवाल्याकडून आणलेल्या फुटक्या पाटीवर लिहून विचारलं, माझ्या खोलीतली आधीची बाई कुठे गेली? ती म्हणाली, जाईल कुठे? तू तिच्यातच राहतेस.

खाली उतरताना मी कठड्याला हात लावला नाही.

२६ मार्च, बुधवार

मालकाला गाठलं. पाटीवर लिहिलं, डिपॉझिट द्या, मी जाते. एका शब्दाने नाही म्हणाला नाही. शनिवारी बघणी झाली की सगळं परत देतो म्हणाला. भरून घेतलेलं मात्र परत मिळत नाही, ते घराचं झालं.

तसंच निघून जावं, पण डिपॉझिटाशिवाय दुसरी खोली कोण देणार? आणि ठकीला कुठे ठेवू? रस्त्यावर? शनिवारपर्यंत काढायचं. काहीही मोडायचं नाही.

२७ मार्च, गुरुवार

सकाळी मोरीचा नळ गळायला लागला. मी हात पण लावला नव्हता. पळत जाऊन फोन विकला आणि नळवाल्याला घेऊन आले. विकायच्या आधी ठकीला मेसेज केला, इतक्यात येऊ नकोस. तिचं लगेच उत्तर आलं, मामीशी वाजलंय, चार तारखेला शेवटचा पेपर, पाच तारखेला बाडबिस्तरा घेऊन येतेच, हातोडी पण आणते. मी नको नको लिहीत होते तोवर दुकानदाराने फोन हातातून घेतला.

नळ नीट झाला. मी बोटं चाचपली, दात मोजले. सगळं जागेवर आहे. म्हणजे पैसे असले की काही होत नाही. एवढंच आहे. नुसते पैसे हवेत.

२८ मार्च, शुक्रवार

आता विकायला काही नाही. इस्त्री पण विकली — खोलीतले दिवे उडाले होते, नवे आणले. गादीवर बसून आहे, हलत नाही, कामावर गेले नाही.

तर समोर, मी बघत असताना, एक फरशी तडकली. आपोआप. कट् करून.

तो आला की मी पाय धरीन.

२९ मार्च, शनिवार

पाय धरले. त्याने माझ्या पायांकडे बघितलं.

डिपॉझिट आणलं होतं. फरशीवर ठेवून गेला. सगळं आहे. कमी नाही. जायचं तर जा म्हणाला.

३० मार्च, रविवार

उभं राहता येत नाही. गुडघ्याखाली पाय आहेत, पण माझे नाहीत. चिमटा काढला, काही नाही. तडकलेली फरशी सांधली गेलीय. कोमट. आता कळलं कोमट का असतात.

पैसे उशाशी आहेत. उतरणार कशी —

२ एप्रिल

समोरची पाणी ठेवून जाते. तिला पाटीवर लिहून दाखवलं, माझ्या मुलीला खालीच थांबवा. ती म्हणाली, मला या मजल्यावरून खाली उतरता येत नाही, जिन्याजवळचा उंबरा पण माझा —

पाण्याचा तांब्या ठेवून ती गेली.

४ एप्रिल

ठकी आली की ही वही तिच्या हातात द्यायची. वाचेल. शहाणी आहे. पैसे घेईल आणि पळेल. मला सोडून पळ म्हणावं. भिंतीला टेकू नकोस, काही उचलू नकोस, काही —

५ एप्रिल, शनिवार

आली. किती वाळलीय. मला मिठी मारली, आवाज बसलाय म्हणून हसली, पायांना संधिवात म्हणाली, आता मी आलेय ना, रोज चोळून देईन. मी वही पुढे केली. तर म्हणते, दम खा गं, अभ्यास नंतर तपासते, आधी बाबांचा फोटो.

हातोडी काढली. मी तिचा कुडता ओढते — ती हसते — पाटी दाखवली, फुटकी पाटी — बघितलीच नाही, खिळा दातात, पाठ माझ्याकडे —

मारला.

भिंत ओरडली. तिला ऐकू नाही आलं. मला आलं.

भोक पडलंय. प्लास्टर पडलंय. ती म्हणते, किती छान दिसतात बाबा. जिन्यावर तो चढतोय. अनवाणी. ठकी म्हणते कोण आलं गं, आणि दार उघडायला — दार खोकलं —

तो आत आलाय. भिंतीकडे बघत नाही. तिच्याकडे बघतोय. किती नाजूक हात म्हणतो, नर्स होणार का —

नाही. तिचं नाही. खोली माझ्या नावावर आहे, मोडतोड माझी. ही वही त्याच्यापुढे धरते. वाच मेल्या. माझं घे. माझ्याकडे अजून आहे, हा बघ, हा लिहिता हात, धडधाकट आहे, हा घे आणि भोक बुजव, तिला हात लावू न