बेटावर न्यायची करमणूक

बाबा, उद्या सकाळी मला परळच्या इस्पितळात दाखल व्हायचंय. रक्ताचा आजार आहे. तुमच्या नातीचा बोन मॅरो मला देणार आहेत, आणि नंतर महिनाभर, कदाचित जास्तच, काचेच्या खोलीत एकटीने राहायचं. भेटायला कुणी नाही, पुस्तक नाही, पेपर नाही. जंतुनाशकाने पुसून घेता येतो म्हणून एक टॅब तेवढा चालतो. तो घेऊन ती आज माझ्यासमोर बसली. “आई, निर्जन बेटावर निघालीयस असं समज. काय भरू? सिनेमे, मालिका, गाणी, गेम? जागा कमी आहे हां, नीट निवड.” मला निवडता येईना. ती एकेक नाव घेत होती आणि मी मनात म्हणत होते, उलट्या होत असताना हे ऐकवेल का? ज्या गाण्यांवर हिला झोपवलं, ती तिथे नकोतच.

मला गिरणीच्या संपातला एक रविवार आठवला. लालबागच्या आपल्या चाळीत टीव्ही एकाच घरात, अख्खा मजला तिथे सिनेमाला बसायचा. त्या आठवड्यात त्या घरचे काका संप मोडून कामावर गेले होते. सिनेमा अर्ध्यावर आला आणि तुम्ही दारात उभे. “चला घराक,” एवढंच म्हणालात. घरी आल्यावर धाकटा रडायला लागला, पुढे काय झालं म्हणून. मी तुमच्या कानाशी जाऊन ओरडून सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, “आरडा नको गो. तोंड माझ्याकडे कर, माका कळता.” गिरणीतल्या साच्यांच्या, त्या मागांच्या, आवाजाने तुमचे कान केव्हाच गेले होते. विणकामाच्या खात्यात तुम्ही सगळे ओठांनी आणि हातांनीच बोलायचात. त्याच हातांनी तुम्ही उरलेला सिनेमा दाखवायला लागता. हे घोडं, हा हिरो, ही त्याची आई. व्हिलनला तुम्ही रॉकेलच्या रिकाम्या डब्यात कोंबता आणि वर स्वतःच बसता. आई पदर तोंडाला लावून हसतेय, कितीतरी दिवसांनी. दुसऱ्या दिवशी शेजारच्या पोरांकडून कळलं, खऱ्या सिनेमात हिरो मरतो.

गिरणीने तुम्हाला परत घेतलं नाही. तुम्ही शीवला एका बिल्डिंगवर वॉचमन झालात. तिथे तुमच्या हातांची भाषा कुणाला येत नव्हती, आणि हळूहळू घरातही तुम्ही ती बोलेनासे झालात. मी नोकरीला लागले तेव्हा आपल्याकडे टीव्ही आला. तुम्ही त्याच्यासमोर डोळे मिटून बसायचात. एकदा धाकटा म्हणाला, “बाबा, तो डब्यातला व्हिलन करून दाखवा ना.” तुम्ही दोन्ही हात मांड्यांखाली घेतलेत. त्याच वर्षी तुम्ही गेलात.

शेवटी मी पोरीला म्हटलं, आवाज नसलेलं काही असेल तर ते भर. तिने जुने मुके सिनेमे शोधले, विनोदी.

“एवढंच? बोअर होशील गं.”

“पुरे तेवढं.”

तिने टॅब चार्जिंगला लावला आणि माझी बॅग भरायला घेतली. मी आत येऊन हे लिहायला बसले. हा कागद तिकडे नेता येणार नाही आणि हिच्या हाती लागायला नको, तेव्हा निघण्याआधी फाडून टाकीन. मघाशी ती पुन्हा डोकावली. म्हणाली, “सगळे बघून घे, मग मला गोष्टी सांग.” मी म्हटलं, “सगळे संपवूनच घरी येते.” बाबा, मला तसं वाटत नाही.