आवाज फक्त वळणावर येत होता

बाबा, त्या मुकुटबनवाल्याच्या जीपच्या मागच्या आवाजाबद्दल तुम्हाला एक सांगायचं आहे. वीस वर्षांच्या वर झाली त्याला. इतका उशीर कायले केला, असं तुम्ही विचाराल. तुम्ही होता तेव्हा तोंड उघडलं नाही, आणि नंतर ज्याच्यासमोर उघडावं असं कोणी राहिलं नाही. आज रविवार आहे, ड्यूटी नाही. झरीच्या या क्वार्टरमध्ये मी एकटी, आणि एकटीचा स्वयंपाक तो किती, दहा वाजताच आटोपला.

आर्णीचं आपलं गॅरेज मला अजून जसंच्या तसं दिसतं. पुढं टिनाचं शेड, मागं आपली खोली. आई गेल्यापासून स्वयंपाक माझ्याकडं. मी कणीक मळत असते आणि तुमची हाक येते, "बाई, इकडं ये वं जरा." पिठाचे हात घेऊन मी बाहेर. गाडी चालूच असते. तुम्ही पेचकसाचं टोक इंजिनवर टेकवता आणि मूठ माझ्या कानाला लावता. "आयक. कसा बोलून राह्यला?" मी म्हणते, पाट्यावर डाळ वाटल्यासारखा. "कोरडी का भिजवलेली?" कोरडी. "बेअरिंग गेलं," तुम्ही गिऱ्हाइकाला सांगता, आणि खोललं की बेअरिंगच निघतं. आपला मिस्त्री आधी आयकते, मंग खोलते, असं लोक चारचौघांत सांगायचे. त्या एका नावावर आपलं दुकान चालायचं. बाकी तुमच्याजवळ काय होतं, हो? दोन जॅक आणि पान्यांची एक पेटी.

मला मात्र वाटायचं, हा माणूस रोज माझी परीक्षा घेतो. मी आधीच तोंडाळ. एकदा चिडून म्हटलंही, "मले कोनतं मिस्त्री बनायचं हाय? कायले मलेच आयकवता?" तुम्ही माझ्या तोंडाकडं पाहत राहिलात आणि हसलात. तुम्ही सगळ्यांच्याच तोंडाकडं फार पाहायचात. त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही, आणि पुढं मी नर्स झाले, बघा.

बारावी होऊन दोन वर्षं झाली होती. मला यवतमाळला नर्सिंगला जायचं होतं आणि तुम्ही जाऊ देत नव्हता. कारण विचारलं की एकच, "घरी काय कमी हाय तुले?" मी तुमच्या नकळत अर्ज टाकला. मुलाखतीचं पत्र आलं ते पिठाच्या डब्याखाली सरकवलं. शुक्रवारी बोलावलं होतं. जीप आली गुरुवारी सकाळी.

त्या वर्षांत आपल्याकडं कापसाचं जे झालं ते झालं, आणि त्याच्यामागून गाड्या आल्या. मुंबईचे, दिल्लीचे, कॅमेरेवाले, चौकशीवाले. ज्या घरच्या शेतकऱ्यानं जीव दिला त्या घरी जाऊन बसायचे, लिहून घ्यायचे, आणि निघताना पुढच्या घराचा पत्ता विचारायचे. झरीकडची गावं रानात, काळ्या मातीत साधी गाडी फसायची. म्हणून या मुकुटबनवाल्या पठ्ठ्यानं अशा पाहुण्यांना फिरवायला जीपच बदलून घेतली होती. उंच केली, जाडे टायर घातले, आणि नागपूरच्या भंगारातून कोण्या परदेशी गाडीचा मागचा एक्सल आणून खाली बसवला. "लिमिटेड स्लिप हाय मिस्त्री, लिमिटेड स्लिप," छाती काढून सांगत होता. तुम्ही मला दोन ताटल्या एकमेकींवर दाबून समजावलंत. साध्या गाडीचं एक चाक चिखलात फिरत राहिलं की दुसरं उभंच राहते. याच्या एक्सलच्या मधल्या गोळ्यात, डिफरन्शियलमध्ये, चकत्यांची थप्पी असते, ती दुसऱ्या चाकालाही ओढायला लावते. पण आता तिथूनच आवाज येत होता, आणि शनिवारी त्याला पाहुणे घेऊन निघायचं होतं.

जिनिंगचं पटांगण रिकामं पडलं होतं. तिथं जाण्याआधी तुम्ही मला बजावलंत, "ध्यान देऊन आयक. सरळीत बोलली तं क्राऊन-पिनियनचे दाते घासून राह्यले, सारं खोला लागन. निसती वळणावर बोलली तं चकत्या चिकटून राह्यल्या. तिले येगळं तेल लागते, थे टाकून पाहू." मला मागं, एक्सलच्या अगदी वर बसवलंत आणि पटांगणात आठाच्या आकड्यासारखी जीप फिरवलीत. वळली की खालून कटकट, कर्रर्र, माझी सीटसुद्धा हादरायची. सरळ झाली की काही नाही. एकदम शांत. चार फेऱ्या झाल्या, चारही वेळा तसंच. कोणालाही कळलं असतं.

तुम्ही गाडी थांबवलीत, अख्खे मागं वळलात. "सरळीत?"

तेल बदलायचं काम दुपारपर्यंत संपलं असतं, बाबा. शुक्रवारी तुम्ही मोकळे, दारात खुर्ची टाकून बसलेले, आणि मी स्टँडवर जाणार कशी? गाडी खोलली तर दोन दिवस तुम्ही तिच्याखाली. हे सगळं मी तिथं बसल्या बसल्या मोजलं.

"येते," मी म्हटलं. "सरळीतबी येते. जास्तच येते."

"नक्की ना, माय?"

"सांगतलं ना एकदा."

तुम्ही पुन्हा फेरी मारली नाही. परत येऊन एक्सल खोलायला घेतलात.

शुक्रवारी सकाळी जीपखालून तुमचे नुसते पाय दिसत होते. भाकरीचा डबा बाकावर ठेवून मी सांगितलं, "मैत्रिणीकडं जाऊन येते." तुम्ही काही बोलला नाहीत. मला वाटलं, रुसले. रुसू दे, म्हटलं, आणि गेले. मुलाखत चांगली झाली. मॅडमनं विचारलं, घरी कोण कोण आहे, मी म्हटलं, वडील.

परत आले तेव्हा चार वाजले असतील. जीप जोडून, पुन्हा साधंच तेल भरून झालं होतं. मालकानं कोपऱ्यापर्यंत चक्कर मारली होती आणि वळणावर आवाज तसाच. तो तुमच्या मागं उभा राहून ओरडत होता. तुम्ही उकिडवे बसून डिझेलमध्ये पाने धूत होता. "दोन दिवस गाडी अडकवली! क्राऊन चांगलं, पिनियन चांगलं, मंग खोललं कायले? कोनं मिस्त्री बनवलं तुले?" रस्त्यावर माणसं थांबली. तुम्ही पाना उजेडात धरून पाहिला, पुसला, खाली ठेवला, दुसरा घेतला. गुणगुणत होता तुम्ही. तो एक पाऊल पुढं येऊन ओरडला, "बह्यरा हायेस का बे?"

तरी तुम्ही वळला नाहीत. मग तोच गप्प झाला. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मी त्याच्याकडं पाहिलं, आणि आम्हाला दोघांनाही एकाच वेळी समजलं. मी फिरून तुमच्यासमोर आले तेव्हा तुम्ही मान वर करून हसलात आणि म्हणालात, "आली का? चहा मांड बरं, मालक येतच असन."

त्या वेळी मी सांगायला हवं होतं. मालकाला, थांबलेल्या माणसांना, की आवाज वळणावरच येत होता, मिस्त्रीचं काही चुकलं नाही, मी खोटं बोलले. पाच-सहा माणसं होती फक्त. मी आत जाऊन चहा मांडला.

त्यानं जीप दुसरीकडं नेली. तिथं चकत्यांचं तेल टाकलं आणि आवाज बंद. आठ दिवसांत आर्णीभर झालं, बुढ्याचा कान गेला. गाड्या यायच्या कमी झाल्या. तुम्ही मला हाक मारायचं बंद केलंत. एकदा फक्त, जेवताना, ताटातून मान वर करून माझ्या ओठांकडं पाहत विचारलंत, "सरळीत येत होता म्हणलीस ना?" मी म्हटलं, हो. तुम्ही घास चावलात, पाणी प्यालात. "मंग येत असन बाप्पा," म्हणालात. निवड झाल्याचं पत्र आलं तर एका शब्दानं आडवे आला नाहीत. स्वतः ट्रंक उचलून होस्टेलपर्यंत सोडायला आलात. मला का जाऊ देत नव्हता ते तेव्हा मला कळलेलं होतं, आणि तरी मी गेले. तिसऱ्या वर्षी तुम्ही गेलात. शेजारी म्हणाले, दोन दिवस शेड उघडलं नाही म्हणून पाहिलं.

मला फार एकटं वाटतं, बाबा. हे कोणाला सांगायची माझी पद्धत नाही. पण आता गाडीखाली असलेल्या तुमच्या पायांची आठवण येते आणि मला वाटतं, तुमच्या त्या शांततेत तुम्ही रोज किती एकटे असाल, आणि त्यातून बाहेर यायला तुमच्याजवळ एक माझंच सांगणं होतं.

मागच्या मंगळवारी आमच्या दवाखान्यात कानाच्या तपासणीचं शिबिर होतं. एक म्हातारे ड्रायव्हर आले, मूळचे आर्णीचे, आता मुलाकडं राहतात. बोलता बोलता त्यांनी मला ओळखलं. "मिस्त्रीची पोरगी ना वं तू? भल्ला कारागीर होता. कानानं घात केला त्याचा. त्या जीपनं नाव घालवलं." मी त्यांच्यासमोर गेले, सगळ्या म्हाताऱ्यांशी बोलते तशी तोंड दिसेल असं सावकाश म्हटलं, "हो काका. ऐकू येत नव्हतं बाबांना."

त्यांचा पत्ता शिबिराच्या रजिस्टरमध्ये आहे. चार ओळी लिहून टाकल्या तर ते आर्णीतल्या चारजणांना सांगतील. त्या लोकांत अजून कोणी असेल, तुमचं नाव आठवणारं. काल दोनदा कागद घेतला. पण तुम्हाला हे पोचणार नाही, म्हणून तुम्हाला लिहिता आलं. त्यांना पोचेल, म्हणून त्यांना लिहिणार नाही.