सीलबंद डबा

३ ऑगस्ट

क्रिएटिनिन सहा! डॉक्टरांनी कोकिळाचा रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मोठी बहीण ना, जाब मीच द्यायचा. शुगरच्या गोळ्या तिने दिवाळीतच बंद केल्यात म्हणे. घेते काय, तर कुठल्या कंपनीची हिरवी पावडर! "किडन्या थकल्यात. डायलिसिसची तयारी ठेवा," डॉक्टर म्हणाले.

बाहेर आल्यावर बाईसाहेब मलाच समजावतात — "अक्का, घाण बाहेर पडी राहिनी. मीटिंगमा सांगेल शे."

किडनी बाहेर पडतेय, मूर्ख बाई!

६ ऑगस्ट

पारोळ्याला तिच्या घरी गेले. पलंगाखाली डबे, फ्रिजवर डबे, देव्हाऱ्याशेजारी डबे. भिंतीवर कंपनीच्या जळगावच्या मीटिंगमधला तिचा फोटो — गळ्यात बिल्ला, हातात माइक. घेते ती घेते, वर विकतेसुद्धा!

विमा कंपनीत माझा जन्म बारीक अक्षरं वाचण्यात गेला. चष्मा लावून डबा वाचला. 'आहारपूरक. औषध म्हणून वापरू नये.' आणि माइकवर काय सांगतात? शुगर मुळापासून जाते! म्हणजे डबा बिचारा खरं बोलतो, माणसं खोटं.

तोंडाला येईल ते बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं. मग हळूच —

"तुले पेन्शन शे, अक्का. माले हाऊ डबा शे."

आबांची ऐपत एकीच्याच फीची होती. कॉन्व्हेंटात मी गेले. डबा होता तिथे परत ठेवला.

९ ऑगस्ट

जळगाव. अन्न व औषध प्रशासनाचं कार्यालय. साहेब तरुण, सभ्य. "मॅडम, हे औषधात येत नाही. अन्नात मोडतं." मग अन्न म्हणून तपासा ना! "उघडा डबा चालत नाही. सीलबंद आणा, बिलासकट."

विष असलं तरी बिलासकट हवं!

१० ऑगस्ट

पावडर दुकानात मिळत नाही. साखळीने विकतात; ओळखीच्या विक्रेत्याच्या हाताखाली नाव घालूनच घ्यावी लागते. माझ्या ओळखीत विकणारी एकच.

११ ऑगस्ट

"उनी ना शेवट मन्हा लाइनमा!" कोकिळा ओरडलीच. सुजलेल्या पायांनी उठली, माझ्या हातावर साखर ठेवली. तिचा मुलगा नवल बघतच राहिला — "मावशी, तुम्हीसुद्धा?"

बिल तिने स्वतः लिहिलं. माझं नाव पूर्ण, कोरून काढल्यासारखं. खाली स्वतःची सही. मी डबा पिशवीत घातला. साखर तोंडात विरघळेना.

१२ ऑगस्ट

डबा दिला. बिल दिलं. तक्रारीवर सही केली. आता बघतेच त्या कंपनीकडे!

२ सप्टेंबर

कोकिळाचं डायलिसिस सुरू झालं. धुळ्यालाच होतं, म्हणून आदल्या रात्री माझ्याकडे देवपूरला उतरते. आज सकाळी तिचे केस विंचरले. हातात मावेनासे व्हायचे एकेकाळी.

"अक्का, पावडर खाई राहिनी ना तू?"

"हो."

"मंग! तोंडवर तेज उनं शे ना!"

हसले मी. मग मोरीत जाऊन नळ सोडला, आवाज जाऊ नये म्हणून.

१८ ऑक्टोबर

साहेबांचा फोन. पावडरीत शिसं निघालं! मर्यादेच्या किती तरी वर. "कारवाई होणार, मॅडम." कोणावर, ते मी विचारलंच नाही. विचारायचं काय त्यात? आज पोटभर जेवले.

४ नोव्हेंबर

कोकिळा काल आली नाही. आजची डायलिसिसची वेळही टळून गेली. फोन उचलत नाही.

संध्याकाळी नवलने उचलला. कंपनीने हात झटकले म्हणे — तो डबा आमचा नव्हेच, नकली आहे! मग नोटीस निघाली बिलावरच्या विक्रेतीच्या नावाने. "आई उठायलाच तयार नाही, मावशी. दवाखान्यात जायचं नाही म्हणते."

नोटीस त्यानेच तिला वाचून दाखवली. तक्रारदाराच्या नावाशी तिने त्याचा हात धरला.

"परत वाच," म्हणाली.