उंच नाकाचा आकडा

बाबा, तुमी गेले त्या दुपारी पितळी कुलूप तुमच्या मांडीवर होतं. बेला गावातल्या आपल्या किराणा दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसायचं, तेव्हा तुमी भंगारातलं बिनकिल्लीचं कुलूप घेऊन बसायचे. धंद्यासाठी नाही, नुसता नाद. छत्रीच्या काडीची पट्टी किल्लीच्या भोकात घालून डाव्या बोटानं दाब धरायचा, अन् उजव्या हातातल्या वाकड्या टोकाच्या आकड्यानं आतली एकेक पिन वर बसवायची. आई म्हणायची, "पोरीले पाह्याले पाहुणे येऊन राह्यले, अन् बाप चोराची विद्या शिकून राह्यला." तुमी म्हणायचे, "येऊ दे. जावई किल्ली हरवणारा निघाला तर पोरीलेच कामी येईन."

मी शाळा चौथीतच सोडली, पण करवतीच्या तुटक्या पात्याला कानस लावून आकडा घडवायला तुमी शिकवलं. मला नेहमी तो लाटेसारखा दातेरी पाहिजे. घाला, खसाखसा ओढा, उघडलं तर उघडलं. तुमी तो हिसकून घ्यायचे. "भांडे घासून राह्यली का? आदी चाचपून पाह्य, कोणती पिन किती उचला लागते. मंग आकडा निवड." मला राग यायचा. अजून येतो. तुमच्या थंड हातातून कुलूप मीच काढलं. दाब सुटला तशा तुमी बसवलेल्या पिना आत कटकट खाली पडल्या. तो आवाज मला भाजी चिरताना पण ऐकू येतो.

दहाव्याला पैनगंगेवर पिंडाला कावळा शिवेना. तुमाला मुलगा नव्हता म्हणून मी पण गेली होती. काकांनी दुकान सांभाळायचा शब्द दिला, माझ्या लग्नाचा दिला. कावळे झाडावर बसून नुसते पाहत होते. वाळूनं माझे पाय भाजत होते. मी वैतागून म्हणाली, "ते कुलूप मी उघडीन. आता तरी जेवा." तसा एक कावळा सरळ खाली आला अन् घास उचलला. काका म्हणाले, "पाह्य, पोरीच्या लग्नापक्षा याले कुलूप मोठं." लग्न होऊन सासरी नार्नूरला निघाली तेव्हा आंध्राच्या लाल बसमधे मी ते मांडीवर घेऊन बसली होती.

इथं दुपारी घर रिकामं झालं की बाहेर दारापुढच्या ओट्यावर कानस घासल्याचा आवाज येतो. जाऊन पाहते तर कोणी नसतं. नवरा म्हणतो, "उंदीर असन." उंदीर कानस घासतो का? तुमीच आहात. मी दिलेला शब्द पुरा झाला नाही म्हणून अडकून पडले. हे लिहिलेलं टपालात टाकून काय करू, तुमी तर ओट्यावर बसले आहात. अन् कुलूप मी चाचपलं आहे, तुमी सांगितलं तसंच. पुढची पिन जराशीच उचलायची आहे, मागची पार वर. आखूड नाकाचा, म्हणजे टोक कमी वर वळलेला आकडा मागं नेला की त्याची दांडी पुढच्या पिनेला लागते, ती जास्त वर जाऊन बसते, अन् सगळं बिघडतं. उंच नाकाचा पाहिजे. तो मी घडवला पण आहे, घासून गुळगुळीत केला आहे. कुलूप उघडलं की तुमी सुटाल. सुटलं पाहिजे, इतकं मला कळतं. आज पण बसली आहे. बाहेर कानस चालू आहे. उंच नाकाचा आकडा डब्यात आहे, अन् मी आखूडच उचलला आहे.