पाचव्या दिवसाचं मलम

गारखेडा, औरंगाबाद
३ डिसेंबर २०१८

तीर्थस्वरूप आप्पासाहेब यांस,

साष्टांग नमस्कार. (गुडघे वाकत नाहीत, म्हणून कागदावरच घालते.) तुमचं पित्त, जाऊबाईंची कंबर आणि उरलेली मेंढरं ठीक असतील अशी आशा करते. तुमच्या धाकट्या भावाची तब्येत उत्तम आहे. ते फारसं बोलत नाहीत, त्यामुळे माझी तक्रार नाही. तुमचं चितेगाव इथून हाकेच्या अंतरावर असून पत्र लिहिते, कारण फोनवर माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तुम्ही “बरं बरं, ठिवतो” म्हणता. तुमचा लेक बद्रीनाथ आज कामानिमित्त शहरात आला आहे, त्याच्याच हाती देते.

तो सांगत होता की तुमची नात अक्षदा अजून खाजवते, कोपरांच्या लवणीत रक्त येतं, आणि सूनबाई प्रेरणा झोपताना लेकीच्या हातांवर पायमोजे चढवते. चार वर्षांचं पोर. तिचं डॉक्टरांचं मलम दसऱ्याला माझ्या सांगण्यावरून बंद झालं, हे मी विसरलेले नाही. त्याच मुद्द्यावर येते आहे. पण आधी माझ्या हातांचं ऐका.

दिवाळीच्या साफसफाईत माझे दोन्ही तळहात आणि दहा बोटं फुटली. नळाला पाणी पाचव्या दिवशी, मधल्या दिवसांत टँकर, आणि त्या पाण्यात फेस म्हणून येत नाही, तेव्हा साबण दुप्पट घासायचा. (आमच्यासमोर सात मजली इमारत उठते आहे. तिच्या फलकावर पोहण्याचा तलाव रंगवला आहे. त्यात काय भरणार, ते लिहिलेलं नाही.) शेवटी कातडीच्या डॉक्टरांकडे गेले. डॉ. सुकेशनी. वय इतकं कमी, की चप्पल कुठं काढू हे मी त्यांनाच विचारलं. त्यांनी एक्झिमा सांगितला आणि ट्यूब लिहून दिली. घरी येऊन चष्मा लावून बघते, तर स्टेरॉइड! ज्याच्याविरुद्ध मी दसऱ्याला तुमच्या ओसरीवर भाषण केलं, तेच आता माझ्या पर्समध्ये.

बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची एक रेघ काढायची, ती एका हाताला, रोज एकदा, असं त्यांनी बजावलं होतं. आता पाटबंधारे खात्यात तीस वर्षं काढलेल्या बाईला कुणी माप शिकवू नये. धरणात चार टक्के असताना किती सोडायचं आणि किती राखायचं, याच्या फायली मी लिहिल्या आहेत. मी त्या रेघेचा मोहरीएवढा ठिपका केला, तो खोबरेल तेलात कालवला, आणि रोजच्याऐवजी पाचव्या दिवशी लावला. म्हणजे महापालिका शहराला जसं पाणी देते, तसं मी हातांना मलम देत होते, आणि शहरासारखेच हातही तडकत होते.

पंधरा नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेले. माझी सही तुम्ही पाहिली आहे. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी बोटांवर पट्टी मारून घोटवलेलं अक्षर, आजही चार माणसं थांबून बघतात. खिडकीतला मुलगा म्हणाला, “आजी, सही राहू द्या, अंगठा ठेवा.” मी, अंगठा! ठेवला. यंत्र म्हणालं, जुळत नाही. मग दुसरा ठेवला, मग उरलेली आठ बोटं. त्यातलं एकही माझं निघालं नाही. त्या मुलाशी मी दहा मिनिटं कडाडून भांडले, तरी यंत्राच्या मते मी हयात नव्हते. मागं मनकर्णाबाई उभी होती, आमच्या ऑफिसात झाडलोट करायची ती. तिचा अंगठा पहिल्या झटक्यात लागला. वर मला म्हणते, “मॅडम, तुमी सह्या करकरून बोटं वापरली. म्या अंगठा लई जपून ठुला बगा.”

तशीच तणतणत दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी हात नाही, आधी ट्यूब पाहिली.

“आजी, पंधरा दिवस झाले, ही अजून टम्म कशी?”

मी पर्समधून पत्रक काढलं आणि त्यांना वाचून दाखवायला लागले: कातडी पातळ होते, शिरा दिसू लागतात, नको तिथं केस येतात.

“पुढं वाचा,” त्या म्हणाल्या.

पुढं होतं: सल्ल्याशिवाय, प्रमाणाबाहेर, महिनोन्महिने वापरल्यास.

“गोरं व्हायला तोंडाला चोपडणारे आणि गजकर्णावर चोळून ते अंगभर नेणारे माझ्याकडे रोज येतात,” त्या म्हणाल्या. “न लावून वाया गेलेल्या तुम्ही या महिन्यातल्या पहिल्या.”

चाळीस वर्षांत माझ्याशी असं फक्त तुम्ही बोलला आहात. मग रोज रेघ काढून लावलं, भांड्यांना हातमोजे घातले, वर साधी व्हॅसलीन चोपडली. बाराव्या दिवशी भेगा मिटल्या. अठ्ठावीस तारखेला अंगठा जुळला आणि मी सरकारदरबारी पुन्हा जिवंत झाले. आता आणखी थोडे दिवस लावायचं, मग थांबायचं, असं ठरलं आहे.

एकूण यात दोष पत्रक छापणाऱ्यांचा. अक्षर मुंगीएवढं आणि कागद घड्याघड्यांचा. माणूस वाचणार तरी किती?

जाऊबाईंना नमस्कार, अक्षदाला पापा.

तुमची धाकटी भावजय,
विजयमाला

ता. क. परवा, बुधवारी अकरा वाजता डॉ. सुकेशनींकडे अक्षदाचं नाव लावलं आहे. प्रेरणासोबत तिला पाठवा. माझी ट्यूब मुद्दाम देत नाही. मोठ्यांच्या तळहाताचं औषध लेकराला नको, तिला तिच्या कातडीला झेपेल ते मिळेल. तोवर तुमचं कडुलिंबाचं पाणी आणि मेंढीचं तूप कृपा करून बंद.

ता. क. दुसरी. अक्षर मुंगीएवढं नव्हतं आणि डोळ्यांवर चष्मा होता. दसऱ्याला अक्षदाच्या ट्यूबचं पत्रक वाचताना मी “केस येतात”पर्यंत आले, आणि तुम्ही साऱ्या ओसरीला म्हणालात, “ऐका रं, शिकलेली बाई काय म्हणती.” चाळीस वर्षांत माझा एक शब्द तुम्ही ऐकला नव्हता. मला इतकं बरं वाटलं, की पुढची ओळ दिसत असून मी कागद मिटला. तुम्ही लगेच ट्यूब उकिरड्यावर फेकलीत. ऐकायचं होतं तर दुसरं काहीही ऐकायचं होतं.

ता. क. तिसरी. त्या दिवशी प्रेरणा म्हणाली होती, “पण मलमानं तिला गुण आलाय, काकू.” तिला आपण दोघांनी मिळून गप्प केलं. तेव्हा हे पत्र ओसरीवर, सगळे असताना, तिच्यासमोर मोठ्यानं वाचा. मग तिला जे बोलायचं ते बोलू द्या. मी तिथं असते तर मध्ये बोलले असते, म्हणून आले नाही.