सुश्रुतचा रोल गच्चीत वाळतोय

सुश्रुत,

तुझ्या त्या जुन्या कॅमेऱ्याचा रोल फ्रिजमध्ये लोण्यामागे सापडला. इतका गार लागला की म्हटलं, सादळला असणार. त्यावर ‘उजेडात उघडू नये’ असं लिहिलेलं, म्हणून बाथरूममध्ये दिवा बंद करून सोडवला आणि मगच गच्चीत नेला. कुरडयांशेजारी उन्हात पसरलाय.

पण त्यावर एकही फोटो नाही. मी चष्मा लावून दोन्ही बाजूंनी पाहिलं. कुठली लेन्स ठेवायची ते ठरवायला काल मला दोन तास बाल्कनीत ताठ बसवून बारा फोटो काढलेस, सहा हिने, सहा तिने. दोन्ही सारख्याच निघाल्या! शहाडच्या त्या विकणाऱ्याने तुला फसवलंय. कॅमेरा आणि दोन्ही लेन्स पिशवीत घालून परत द्यायला निघालेय.

मला कालच शंका आलेली. फोटो माझा, आणि तू सारखा मान खाली घालून त्या डब्यासारख्या कॅमेऱ्यात वरून बघत होतास.

कुकर झालाय, वरणाला फोडणी तेवढी दे.

साडी कालचीच नेसलेय. आले की मोबाइलवर एकच फोटो काढ. माझ्याकडे बघून.

आई